सुटीतले शेवटचे चार दिवस

जून महिन्यात शाळा उघडते आणि नव्या हजेरीपटाबरोबर वर्षाच्या सुट्यांची यादीही हातात पडते. परजिल्ह्यातून ठाणे जिल्ह्यात नोकरीला आलेला शिक्षक त्या यादीत सगळ्यात आधी दिवाळी शोधतो. वर्षाला ७६ सुट्या असल्या तरी गावी जाऊन निवांत राहावं अशी सलग सुटी दोनदाच मिळते, दिवाळीत आणि मे महिन्यात. त्यातही मे महिना पुरता आपला असेल याची खात्री नसते. प्रशिक्षण निघतं, निवडणुकीचं काम लागतं, मतदार याद्या येतात. त्यामुळे सगळी भिस्त दिवाळीवर. रेल्वेचं आरक्षण पूर्वी चार महिने आधी करता यायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आलं. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, लावणी उरकून शेतात भात डोलत असतो तेव्हा, सकाळी आठच्या ठोक्याला आमच्याकडचे गुरुजी रेंज सापडेल त्या टेकाडावर मोबाइल घेऊन उभे असतात. तपोवन, देवगिरी, नंदिग्राम, विदर्भ. पाच-दहा मिनिटांत प्रतीक्षायादी सुरू होते.

मी परभणीकडची. शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पुढे, एका द्विशिक्षकी शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा घरच्यांना वाटलं, मुंबईजवळ चालली. पण कल्याणहून सकाळची तपोवन गाठायची तर पाड्यावरून आदल्या दिवशीच निघावं लागतं. दुपारची एसटी नाहीतर जीप धरून डोळखांब, तिथून शहापूर, आसनगावला कुणा सहकाऱ्याकडे मुक्काम आणि पहाटेच्या लोकलने कल्याण. मुरबाडच्या शिक्षकांची याहून पंचाईत. मुरबाडला रेल्वेच नाही, कल्याण-मुरबाड रेल्वेची आश्वासनं ऐकत तिथली माणसं म्हातारी झाली. वऱ्हाडातल्या मंडळींचं मात्र थोडं सोपं झालंय. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याबरोबर चौघं जातात आणि डिझेलचा खर्च वाटून घेतात.

एवढा खटाटोप करून मिळालेली सुटी माणूस शेवटच्या तासापर्यंत घरी काढणार, हे उघड आहे. शाळा उघडायच्या आदल्या रात्री गाडीत बसायचं, सकाळी कल्याणला उतरायचं आणि पिशव्या घेऊन थेट शाळेत हजर व्हायचं. आई-वडील तिकडे, कुणाचा नवरा तिकडे, कुणाची लेकरं आजीजवळ तिकडे. अशा माणसाला सुटी कमी कर म्हणणं सोपं नाही. तरी मला तेच म्हणायचं आहे. दिवाळीच्या सुटीतले शेवटचे चार दिवस घरून काढा आणि जिथे आपण शिकवतो त्या मुलखाला द्या.

हे मला सुचलं ते एका मैत्रिणीमुळे. बी.एड.ला ती माझ्या वर्गात होती, आता थायलंडच्या ईशान्य भागात एका शाळेत इंग्रजी शिकवते. तिथे मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत मोठी सुटी असते आणि ऑक्टोबरमध्ये लहान. मोठ्या सुटीत ती पुण्याला आईकडे येते. लहान सुटी तिने आसपासचा मुलूख फिरायला ठेवली आहे. एका ऑक्टोबरात ती मेकाँग नदी ओलांडून लाओसला गेली आणि तिच्या लक्षात आलं की नदीच्या दोन्ही काठांवर जवळपास एकच भाषा बोलतात, एकच चिकट भात खातात. तिच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचं आजोळ पलीकडच्या काठावर होतं. फोनवर ती म्हणाली, “नकाशात दोन देश आहेत गं, पण माझ्या पोरांचं गणगोत एकच आहे.” फोन ठेवला आणि मी खिडकीतून समोरच्या आजोबाच्या डोंगराकडे बघत बसले. रोज सकाळी प्रार्थनेला त्याच्याकडे तोंड करून उभे राहायचो, पण त्याच्या मागे काय आहे ते मी पाहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून दिवाळीनंतर मी त्या डोंगराला वळसा घालते. आमच्याकडच्या नव्या शिक्षकांना हाच फेरा सांगते, कारण तो एसटीने होतो आणि चार दिवसांत होतो. शहापूरहून किन्हवली, सरळगाव. सरळगावला कल्याणहून नगरकडे जाणारी गाडी मिळते, ती टोकावड्यावरून माळशेज घाट चढून ओतूरला नेते. तिथून जुन्नर, मुक्काम. दुसऱ्या दिवशी शिवनेरी, जमलं तर लेण्याद्री. पुढे नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर आणि भंडारदऱ्याचं शेंडी. तिथून घाटघर बघून घोटी, कसारा घाट उतरून पुन्हा शहापूर. ठाणे, पुणे, अहिल्यानगर, नाशिक असे चार जिल्हे होतात. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास चार दिवसांचाही मिळतो आणि सात दिवसांचाही. पुरुषांना तो परवडतो. बायकांना १७ मार्च २०२३पासून अर्धंच तिकीट आहे, तेव्हा आधी हिशेब करून बघावा. शिक्षणसेवकाचं मानधन २०२३पासून सहा हजारांवरून सोळा हजार झालं हे खरं, पण त्यात खोलीभाडं, गावी पाठवायचे पैसे आणि वर ही फिरती, म्हणजे हिशेब लागतोच.

ज्यांचे पाय चांगले आहेत त्यांनी माळशेजऐवजी नाणेघाट चढावा. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाजवळून वाट सुरू होते. सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला जायचा. माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे आणि गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख. यज्ञात किती गायी दिल्या, किती घोडे, किती नाणी, हे सगळं त्या लेखात आकड्यांनिशी कोरलेलं आहे. आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या अंकांपैकी काही तिथे भिंतीवर आहेत. तिसरी-चौथीला संख्याज्ञान शिकवणाऱ्याने ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावेत. पायथ्याच्या गावांत शिकवणारे कितीतरी जण ते न बघता बदली होऊन जातात, याचं मला वाईट वाटतं.

पण या फेऱ्यात मला सगळ्यात जास्त देणारी जागा घाटघर आहे. तिथे कोकणकड्याच्या काठावर उभं राहिलं की खाली शहापूर तालुका दिसतो. मे महिन्यात हवा धुरकट असते, काही दिसत नाही. दिवाळीनंतर सकाळी सगळं लख्ख. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाचं वरचं धरण अकोले तालुक्यात आणि खालचं आमच्या शहापूर तालुक्यात, चोंढ्याजवळ. विजेची गरज असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करतात, गरज नसते तेव्हा तेच पाणी पंपाने वर चढवतात. अडीचशे मेगावॉटचा हा कारभार मुलांना फळ्यावर समजावताना मी दमून जायचे. काठावर उभं राहून दोन्ही पाणी एका नजरेत बघितल्यावर पुढच्या वर्षी तो पाठ एका तासात झाला.

तिथे एक बाई शेळ्या वळत होती. कुठून आलात म्हणून विचारलं. डोळखांबकडून म्हटल्यावर ती एकदम जवळ आली. तिची लेक खाली दिलेली, आमच्या शाळेपासून दोन पाड्यांवर. सणाला लेक कशी येते, तर चोंढ्या-मेंढ्याच्या घाटवाटेने, कडेवर पोर घेऊन, पायी. बसने यायचं म्हटलं तर कसारा, घोटी, राजूर असा अख्खा दिवस मोडतो. माझ्या वर्गातला एक मुलगा मधूनच चार-चार दिवस गायब व्हायचा आणि विचारलं की ‘घाटावर गेलो होतो’ म्हणायचा. मला वाटायचं, कुठे लांब जातो कोण जाणे. त्याचा मामा साम्रदला राहतो. साम्रद म्हणजे सांदण दरीच्या तोंडावरचं गाव, आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराच्या मागच्या अंगाला. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची सोयरीक ही अशी वर-खाली आहे. जिल्ह्याची हद्द कड्यावरून जाते, नाती त्या हद्दीला विचारत नाहीत. पुढे मी त्या मुलाच्या मामाकडच्या वाटेवरूनच त्याला दिशा शिकवल्या, आणि हजेरीचं म्हणाल तर त्याच्या आईशी बोलून जाण्याचे दिवस शनिवार-रविवारी बसवले.

आता मुख्य गोष्ट. मी शेवटचे चार दिवस म्हणते, पहिले चार का नाही?

दिवाळीनंतर आमच्या भागातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होतात. भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल या पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. शेठकडून उचल आधीच घेतलेली असते, पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा. ती फेडायला नवरा-बायको दोघं लागतात आणि त्यांच्या मागे पोरं जातात. मी मराठवाड्यातली, त्यामुळे हे मला नवं नव्हतं. आमच्याकडे दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा शाळेचे वर्ग असेच ओस पडतात. इकडे दिवस थोडे पुढे सरकतात एवढंच. निघण्याचा ठराव होतो आणि टेम्पो वाडीत येतात ते नेमके आपण गावी असतो त्या आठवड्यात. शाळा उघडायच्या दिवशी शिक्षक हजेरी घेतो तेव्हा मुलं गेलेली असतात. त्यानंतर भेटी, पंचनामे, पत्रं काहीही करा, उपयोग नसतो.

एका वर्षी मी घाटघरहून परतले तर वाडीत टेम्पो उभा होता. ताडपत्री, दोन पातेली, पाटी-फावडं, टोपलीत कोंबड्या, वर बांधलेलं खाटलं. तिसरीतली मुलगी आणि तिची धाकटी बहीण चाकावर चढून बसलेल्या. मी त्यांच्या वडिलांना म्हटलं, पोरींना ठेवून जा. ते म्हणाले, “बाई, ठेवू कुणाजवळ? म्हातारीला दिसत नाही नीट.” म्हातारी ओट्यावरच होती. तिला मी विचारलं तर ती म्हणाली, दिसत नाही पण भात रांधता येतो. शेजारणीने रोज पाणी आणून द्यायचं कबूल केलं, दुपारचं जेवण शाळेत होतंच. तासभर बोलणं चाललं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दोघी बहिणी उतरल्या. वाडीतली बाकीची मुलं गेली, त्यांना मी शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत कागदपत्रांवाचून बसवून घेतील. ते कार्डही टेम्पो सुटायच्या आधी हातात पडलं तरच कामाचं. पोस्टाने पाठवायला भट्टीचा पत्ता कुणाकडे असतो?

याच कारणासाठी मी फिरण्याच्या यादीत भिवंडीकडच्या भट्ट्याही धरते. रविवारी जाऊन येता येतं. तिथे मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, त्या नावातला भोंगा तो हाच. आतमध्ये वाकून शिरावं लागतं. बाहेर साच्यातून काढलेल्या कच्च्या विटांच्या रांगा उन्हात असतात. आमच्या शाळेतला चौथीचा मुलगा त्या रांगांमधून चालत एकेक वीट कुशीवर वळवत होता, म्हणजे दुसरी बाजू वाळते. बोटांच्या पेरांना मातीने भेगा पडल्या होत्या. त्याने मला एक वीट दाखवली, तिच्यावर कुत्र्याचं पाऊल उमटलेलं. असली वीट मोजणीत धरत नाहीत, तो म्हणाला. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते आणि मोजणी चांगल्या विटांचीच होते. अवकाळी पावसाची एक सर आली तर थापलेल्या विटांचा चिखल होतो आणि तेवढ्या दिवसांची मेहनत बुडते, उचल मात्र तशीच राहते. जूनमध्ये एखादं घर पंधरा दिवस उशिरा का परततं, हे मला तिथे कळलं. त्या आधी मी ‘पालक उदासीन’ असा शेरा असलेले अहवाल वाचत आले होते. तो शेरा मी माझ्या हाताने आता लिहू शकत नाही.

फिरायला बाकी पुष्कळ आहे. माहुलीचा किल्ला आसनगाव स्टेशनच्या अंगावरच आहे. निजामशाही वाचवण्याची शहाजीराजांची शेवटची लढाई १६३६ साली याच गडावर संपली. मुरबाडकडे सिद्धगडला २ जानेवारीला जावं. १९४३ साली त्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. वकिली सोडून भूमिगत लढ्यात उतरण्याआधी कोतवालांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या होत्या, हे शिक्षकांनी तरी लक्षात ठेवावं. पौष पौर्णिमेला म्हश्याची जत्रा भरते. तिथला बैलबाजार आणि घोंगड्यांची दुकानं बघायला मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुटी कामी येते. मे महिन्यात मात्र एकदा उन्हाच्या वेळी भातसा आणि तानसा बघा. तानसा १८९२पासून मुंबईला पाणी देतंय, भातसा आज मुंबईला सगळ्यात जास्त पाणी देतं, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर त्याच दिवसांत टँकर फिरत असतात. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरणारी आपली विद्यार्थिनी ज्याने बघितली, तो तिला उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभी करणार नाही.

मुरबाड तालुक्यातलंच फांगणे गाव बहुतेकांना आता ठाऊक आहे. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठीच्या पुढच्या आज्या दुपारी अक्षरं गिरवायला येऊ लागल्या. शिवजयंतीला पोथीवाचन चाललं होतं, तेव्हा आपल्यालाही वाचता आलं असतं तर, असं त्या म्हणाल्या आणि त्यातून ही शाळा निघाली. शाळेच्या वेळेबाहेर, सणासमारंभाला गावात बसलेल्या शिक्षकाच्याच कानावर असलं बोलणं पडतं.

माझं म्हणणं सहकाऱ्यांना कधी कधी आवडत नाही. एक सर म्हणाले, “मॅडम, वर्षातून दोनदा पोराचं तोंड बघतो, त्यातले चार दिवस तुम्ही मागताय.” त्यांचा मुलगा अमरावतीला. त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही लहान लेकरं लांब असलेल्या कुणाला मी आग्रह करत नाही. पण पुढच्या वर्षी त्यांनीच तोड काढली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आपल्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्यामुळे त्यांच्या मुलाला तेव्हा सुटी होती. जूनच्या सुरुवातीला त्यांनी बायको-मुलाला इकडेच आणलं. रानात शेवळं निघायला लागली होती, करवंदं-जांभळं संपत आली होती, रात्री भंडारदऱ्याकडे झाडंच्या झाडं काजव्यांनी पेटलेली. मुलगा वडिलांच्या वर्गातल्या पोरांबरोबर ओढ्यावर खेळला. आपण शिकवतो तो मुलूख आपल्या घरच्यांनाही बघायला मिळावा, हे सुटीच्या आखणीत बसवता येतं. घरचे इकडे येऊ शकत असतील तर जाण्यायेण्याची अर्धी ओढाताण वाचते.

आंतरजिल्हा बदलीचा अर्ज प्रत्येकाने भरलेला असतो आणि भरावाही. तो मंजूर होईपर्यंतची वर्षं मात्र फलाटावर बसून काढल्यासारखी काढू नयेत. ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला तेव्हापासून उरलेल्या सात तालुक्यांत शहरांचाच बोलबाला आहे. शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांना बाहेरून येऊन मुक्काम करणारा सुशिक्षित माणूस बहुतेक वेळा शिक्षकच असतो. तोही सुटीचा पहिला आणि शेवटचा दिवस सोडून दिसला नाही, तर वाडीतल्या लोकांनी कुणाशी बोलायचं?

यंदा दिवाळीचं आरक्षण करताना जायचं तिकीट हवं तेव्हाचं काढा. परतीचं मात्र शाळा उघडायच्या चार दिवस आधीचं काढा. गर्दी शेवटच्या दोन रात्रींना असते, आधीच्या गाड्यांना जागा मिळते.